तेर्यो सोलो खेळायला बसतो

फेलिसिमाने आयुष्यात नवऱ्याला दोनदाच चप्पल फेकून मारली. पहिल्यांदा लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात, त्याने तिच्या आईच्या हातच्या गिनामोसला, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या चटणीला, जहाजाच्या तळातल्या पाण्याचा वास येतो असं म्हटलं तेव्हा. दुसऱ्यांदा तो एकसष्ट वर्षांचा असताना, एका शनिवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, संगणकाच्या पडद्यावरच्या एका चौकोनात त्याने बरोबरची खूण केली म्हणून.

पहिली चप्पल लागली होती. दुसरी खिडकीतून शेजारच्यांच्या कोंबड्यांत जाऊन पडली.

"हे काय केलंस?" ती ओरडली.

"सोलो," तेर्यो म्हणाला. पडद्यावरून नजर न हलवता.

त्याचं पूर्ण नाव एलेउतेर्यो, पण ते फक्त पासपोर्टवर आणि, ती होती तोवर, सासूच्या तोंडी. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून, सेकंड इंजिनियर म्हणून निवृत्त होऊन तो फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात परतला, तेव्हा त्याच्याकडे एक कमी ऐकू येणारा कान, दोन कुरकुरणारे गुडघे आणि दिवसभर काय करायचं याची शून्य कल्पना होती. पहिल्या महिन्यात त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या महिन्यात, नळ संपल्यावर, चांगला चालणारा पंखा उघडला. तो पंखा अजून उघडाच आहे. तेव्हा कॅनडात नर्स असलेल्या मुलीने, एल्फीने, आईच्या कळवळून केलेल्या फोननंतर दोन वापरलेले संगणक घेऊन दिले आणि त्यांवर एक खेळ चढवून दिला. नाव थॉर्नडीप.

खेळ सोपा. राक्षस मारायचे. मेलेल्या राक्षसातून सामान पडतं. त्यातलं बहुतेक भंगार असतं, एखादं कामाचं. ते अंगावर चढवून आणखी मोठे राक्षस मारायला जायचं. दर चार महिन्यांनी नवा सीझन सुरू होतो आणि साऱ्या जगातल्या खेळाडूंना पुन्हा एकदा लंगोटीवर, हातात एक दांडकं देऊन, समुद्रकिनाऱ्यावर सोडून देतात. या वेडेपणाला लाखो माणसं स्वखुशीने तयार होतात, त्यात इलोइलोच्या ला पाझ भागातलं हे जोडपंही होतं. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी दोन संगणक, मध्ये मिठाची बाटली.

फेलिसिमाला सुरुवातीला काही जमलं नव्हतं. तिची चेटकीण, म्हणजे खेळात तिने घेतलेलं पात्र, पहिला आठवडाभर भिंतींना धडकत होती. पण मग तिला कळलं की खेळात बाजार आहे. कोणाला काय सापडलं ते तिथे विकायला ठेवतात, काचमणी देऊन घ्यायचं, काचमणी घेऊन विकायचं. फेलिसिमा बत्तीस वर्षं ला पाझच्या मंडईत सुकी मासळी विकते. तिच्या गाळ्यासमोर उभं राहून भाव न करता गेलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. त्या दिवसापासून तिच्या चेटकिणीने राक्षसांकडे फारसं पाहिलंच नाही. ती बाजाराच्या चौकात उभी राहायची आणि फिनलंड, ब्राझील, कोरिया कुठल्या कुठल्या माणसांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायची, शेवटचा भाव काय? तीसेक जणांनी तिला ब्लॉक केलं. बाकीचे वाकले. मागच्या सीझनमध्ये तिच्या पेटीत इतकं सामान होतं की तिने नवऱ्याच्या परशुवाल्या गड्याला डोक्यापासून पायापर्यंत मढवलं. शिरस्त्राण, चिलखत, बूट, सोन्याच्या कडेचा परशू. नवरदेव.

आणि तिथेच बिनसलं. सगळ्यात शेवटचा राक्षस, ज्याला मारायला माणसं महिनाभर झटतात, तो तेर्योने एका हातात पान-दे-सालचा पाव धरून मारला. एका घावात. त्याला वाटलं दाराशी उभा असलेला पहारेकरी आहे.

"संपलं?" त्याने विचारलं होतं.

"संपलं! जिंकलास!" फेलिसिमा म्हणाली होती.

"त्याचं तोंडही पाहिलं नाही मी," असं म्हणून त्याने पाव कॉफीत बुडवला, आणि मग आठवडाभर त्या खेळाला हात लावला नाही.

म्हणून आता हा चौकोन. नवा गडी तयार करताना खेळ एक छोटासा प्रश्न विचारतो: सोलो? खूण केली की बाजार बंद. कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही, कोणासोबत जायचं नाही. जे स्वतःच्या हाताने सापडेल तेवढंच आपलं. नंतर वाटलं तर सोलोतून बाजारात येता येतं, एक बटण दाबून. पण तो गडी परत सोलोत जाऊ शकत नाही.

"कोणाकडून म्हणजे माझ्याकडूनसुद्धा नाही?" फेलिसिमाने विचारलं.

"कोणाकडून म्हणजे कोणाकडून."

"मी कोणी आहे का?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नसतं. सव्वीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये. तेर्यो म्हणाला, "खेळात तू माझी कोणीच नाहीस ना."

फेलिसिमाने खाली पाहिलं. दुसऱ्या पायात अजून एक चप्पल होती. पण तेवढ्यात तिची नजर त्याच्या पडद्यावर गेली. लंगोटीतला, दाढीवाला, दांडकं घेतलेला गडी किनाऱ्यावर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर त्याचं नाव झळकत होतं: बियुदो. म्हणजे विधुर.

"मी इथे बसलेय," ती हळू आवाजात म्हणाली. हा आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो. "जिवंत."

"बाकी सगळी नावं गेलेली होती, लंग्गा," तो लाडीगोडीच्या स्वरात म्हणाला. " तेर्यो गेलं, तेर्यो एक गेलं, तेर्यो नव्याण्णव गेलं. सुचलं ते टाकलं."

"सुचलं!"

तिने चप्पल पायातच ठेवली, उठली आणि कोंबड्यांतली आणायला गेली.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर, म्हणजे उपासनेनंतर, पाद्रे अंबो जेवायला आले. हे तिथल्या चर्चमधले दुय्यम पाद्री, वय अडतीस, पोट पन्नाशीचं. थॉर्नडीपमध्ये तेही खेळायचे आणि बाजारात त्यांची कीर्ती अशी होती की खुद्द फेलिसिमा त्यांच्याशी व्यवहार करताना वस्तू दोनदा उलटीपालटी करून पाहायची. एकदा त्यांनी तिला तडा गेलेली ढाल 'थोडी वापरलेली' म्हणून खपवली होती. नंतरच्या शनिवारी ती त्यांच्याकडे कन्फेशनला गेली आणि जाळीतून म्हणाली, "पाद्रे, आज तुम्ही बोला, मी ऐकते."

तर पाद्र्यांनी ताटात फणस, डुकराचं मांस आणि तूर घातलेला रस्सा वाढून घेतला आणि मध्यस्थी सुरू केली.

"नोंग तेर्यो," ते थोरल्या भावाला म्हणावं तशा आदराने म्हणाले, "माणूस एकटा राहण्यासाठी घडवलेला नाही. बायबलात पहिल्याच पानावर लिहिलंय."

"तुम्ही एकटेच राहता की," तेर्यो म्हणाला.

"ते नोकरीमुळे." पाद्र्यांनी हाडातला मगज चोखला. "मला सांगा, बाजारात काय वाईट आहे?"

तेर्योने भात कालवला. मग म्हणाला, "जहाजावर असताना हिंदी महासागराच्या मध्यावर पंपाची झडप तुटली. दुकान कुठे? किनारा चार दिवस लांब. मी एका जुन्या बिजागरीतून झडप घासून काढली. दोन रात्री. बंदराला लागल्यावर कंपनीच्या माणसांनी ती काढून फेकली, नवीन बसवली. बरोबरच होतं त्यांचं. पण पाद्रे, बंदर येईपर्यंत मी इंजिनखोलीत जाताना मुद्दाम त्या पंपापाशी थांबायचो. नुसता ऐकत. कानाला बरं वाटायचं." त्याने चमचा खाली ठेवला. "गेल्या वेळी हिने मला जे घातलं ना, ते सगळं भारी होतं. पण त्यातलं काही ऐकावंसं वाटलं नाही."

पाद्र्यांनी आणखी रस्सा वाढून घेतला. मग म्हणाले, "हे फार सुंदर आहे." मग ते फेलिसिमाकडे वळले. "पण मनांग, आगीपासून वाचवणारे बूट हाती लागले तर मला विकाल का?"

"तुम्हाला नाही," फेलिसिमा म्हणाली.

तीन आठवडे असे गेले. सकाळी फेलिसिमा मंडईत, दुपारी दोघं टेबलाशी. ती श्रीमंत होत चालली आणि तो मरत चालला. विशेषतः घंटाखाऊ नावाच्या एका राक्षसाकडे. हा एका पडक्या देवळात राहतो, पोटात घंटा आहे, ती वाजली की जमिनीतून ज्वाळा निघतात. बूट चांगले नसतील तर चौथ्या ठोक्याला माणूस भाजून निघतो. तेर्योच्या पायात बेडकाच्या कातड्याचे कसलेसे जोडे होते. तो आत जायचा, ठण, ठण, ठण, ठण, आणि बियुदो कोळसा. पुन्हा दाराशी. पुन्हा आत.

शेजारी फेलिसिमाच्या पेटीत आगीपासून वाचवणाऱ्या बुटांचे एकोणीस जोड पडून होते. त्यांना आता गिऱ्हाईकही नव्हतं. सगळं जग पुढे निघून गेलं होतं. एवढे जोड, हातभर अंतरावर. आणि देता येत नव्हता एकही.

"ठण," ती म्हणायची. "ठण. ठण. आता बघ. ठण. गेला."

"गप्प बस ना जरा."

"मी कोणीच नाहीये. मी कशी बोलेन? भिंत बोलली असेल."

पन्नासाव्या की एकावन्नाव्या मरणानंतर तेर्योने माऊस टेबलावर आपटला. मिठाची बाटली पडली. आणि तो म्हणाला, "तुला काय समजणार! एकट्याने काहीतरी करणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही. तुला मंडईत चारचौघं लागतात."

हे बोलून त्याने कोळसा झालेला गडी पुन्हा उभा केला. मग त्याने वळून पाहिलं. फेलिसिमा सांडलेलं मीठ बोटाने गोळा करत होती.

"एल्फीला डेंगी झाला तेव्हा ती चार वर्षांची होती," ती म्हणाली. "तू कुठे होतास?"

तेर्योने माऊसवरचा हात काढला.

"माहीत आहे मला कुठे होतास. सुएझच्या रांगेत. वादळात अर्धं छप्पर उडालं. पत्रे मी गोळा केले, तीन गल्ल्यांतून. माझी आई गेली, खांदेकरी मी ठरवले. मंडईचा गाळा जळला, पुन्हा उभा केला. तू पैसे पाठवलेस, पेट्या भरभरून सामान पाठवलंस, साबण, चॉकलेट, मला दोन नंबर लहान बूट. नाही म्हणत नाही मी. पण सव्वीस वर्षं मी काय खेळत होते तेर्यो? सोलोच ना? फक्त मला कोणी चौकोन दिला नाही. खूण करू का नको, विचारलंच नाही कोणी."

तिने मीठ बाटलीत टाकलं.

"मला एकट्याने करायचा कंटाळा आलाय. तू घरी आलास. मला वाटलं, आता दोघं मिळून काहीतरी मूर्खासारखं करू. आणि तू शेजारी बसून परत जहाजावर गेलास."

त्या दिवशी दोघांनी पुढे खेळ उघडला नाही. तेर्योने तो उघडा पंखा घेतला आणि अंगणात जाऊन बसला. पंखा जोडला नाही, नुसता समोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मंडईतून आली तेव्हा जेवण तयार होतं. करपलेलं, पण होतं. ती संगणकाशी बसली. तो शेजारी येऊन बसला, घसा साफ केला.

"ते बूट," तो म्हणाला. "येतात कुठून?"

"कुठले बूट?"

"आगीचे. तू विकतेस ते. कोणाला तरी सापडत असतील ना आधी."

फेलिसिमाने माऊस सोडला. मंडईत समोरच्या टोपलीतली मासळी कुठल्या गावाहून, कोणाच्या होडीतून, कोणत्या वारी आली हे तिला वासावरून कळतं. बाजारात बसणाऱ्याला माल कुठून निघतो ते ठाऊक असावंच लागतं, नाहीतर भाव कसा पाडणार? खेळातही तेच. रोज चाळीस बूट विकायला आणणारा एक व्हिएतनामी होता. दोनदा गोड बोलून ते कुठे सापडतात हे तिने त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

"हे सांगणं चालतं का तुझ्या सोलोमध्ये?" तिने विचारलं.

"वस्तू देता येत नाही. बोलायला कोण अडवतंय?"

"मग काल काय म्हणालास, गप्प बस."

"काल मी गाढव होतो."

"काल?"

"बरं. सव्वीस वर्षं."

"तिसऱ्या कालव्यात," फेलिसिमा म्हणाली. "लाल पोटाचे बेडूक. हिरवे नाही, त्यांच्या मागे लागू नकोस. लाल. आणि पुलावरचे मारू नकोस, खालचे मार, खालचे लठ्ठ असतात."

तेर्यो दोन दिवस बेडूक मारत होता. फेलिसिमाने स्वतःचा बाजार बंद ठेवला आणि खुर्ची ओढून त्याच्या पडद्याकडे तोंड केलं. "डावीकडे, डावीकडे! अरे तो हिरवा आहे! डोळे तपासून घे!" शुक्रवारी दुपारी एका लठ्ठ बेडकातून बूट पडले. तेर्योने ते पायात घातले आणि आधी नुसताच चालला. पुढे, मागे, पुलावर, पुलाखाली.

"काय करतोयस?"

"ऐकतोय," तो म्हणाला.

तिनेही कान दिला. तिला नुसते बूटच वाजताना ऐकू येत होते, पण तिने मान डोलावली.

घंटाखाऊ शनिवारी सकाळी मेला. सहज नाही. चौथा ठोका पडला, पाचवा पडला, आठव्याला बियुदोच्या अंगात इतकाच जीव उरला होता की शिंक आली असती तरी गेला असता. फेलिसिमा टेबलाखाली पाय आपटत होती. मग वाटेत सापडलेला परशू बसला, राक्षसाचं पोट फुटलं, घंटा गडगडत बाहेर आली, आणि तेर्यो खुर्चीतून उठला, गुडघे कडकडले, आणि तो अशा आवाजात ओरडला की शेजारच्या कोंबड्यांनी अंगण सोडलं.

"खाली बघ!" फेलिसिमा म्हणाली. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "तेर्यो, खाली बघ. काय पडलंय ते."

घंटेच्या शेजारी एक काळा मुकुट पडला होता. काजळमुकुट. परशुवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, तो फक्त चेटकिणीच्या डोक्यावर बसतो. साऱ्या सीझनमध्ये, साऱ्या जगात, असे पाच-सात निघाले असतील. फेलिसिमाची चेटकीण पहिल्या दिवसापासून तो शोधत होती. बाजारात एकदाच आला होता. त्याचा भाव ऐकून तिने त्या माणसाला सांगितलं होतं की तुझ्या आईला तुझी लाज वाटत असेल.

आता तो हातभर अंतरावर होता. तेर्योच्या पेटीत. आणि तो सोलो होता.

बातमी पाद्र्यांपर्यंत अकरा मिनिटांत पोचली. ते मोटरसायकलवरून आले, पायात चर्चमधल्याच चपला.

"नोंग, बटण दाबा. बाजारात या. मी तुम्हाला काय वाट्टेल ते देतो. माझी ढाल घ्या."

"तडा गेलेली?"

"ती वेगळी. नोंग, ऐका, तुम्ही राजे व्हाल."

"तुम्ही जा पाद्रे," फेलिसिमा म्हणाली. "बाप्तिस्मा असेल कुठेतरी."

ते गेल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "दाबू नकोस."

"मी काही म्हणालो का?"

"तुझं तोंड म्हणतंय. दाबू नकोस. ते तुझं आहे. बेडूक तू मारलेस. माझ्यासाठी इकडे आलास तर जन्मभर ऐकवशील."

"नाही ऐकवणार."

"ऐकवशील. मी ओळखते तुला. कॉफी पिताना ऐकवशील."

तिला मुकुट हवा होता. इतका हवा होता की रविवारी मासमध्ये गुडघे टेकून ती डोळे मिटायची तर समोर तोच. वेदीपाशी पाद्रे अंबो प्रसादाची वाटी उंच धरून उभे होते आणि त्यांच्याही चेहऱ्यावर नेमका तोच विचार दिसत होता. पण मागायचं नाही असं तिने ठरवलं, आणि एकदा ठरवलं की फेलिसिमा मरेपर्यंत पाळते.

मंगळवारी सकाळी ती मंडईत एका गिऱ्हाइकाला सुका बांगडा दाखवत होती. फोन वाजला. पाद्र्यांचा संदेश, सगळा मोठ्या अक्षरांत: बियुदो बाजारात आलाय!! चौकात उभा आहे!! कोणाशी बोलत नाही!!

"हा आजचाच आहे ना?" गिऱ्हाईक विचारत होतं.

"हो. नाही. घेऊन जा," फेलिसिमा म्हणाली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिने भाव न करता मासळी दिली. गाळा नणंदेवर टाकून ती प्रवासी जीपनीत चढली आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या देत होती. मूर्ख. गाढव. सांगितलं होतं मी.

तेर्यो टेबलाशी बसला होता. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, जसा कुठे मुलाखतीला निघाला असावा. त्याच्या पडद्यावर बाजाराचा चौक, गर्दी, आणि मधोमध बियुदो, आणि त्याच्याभोवती जगभरच्या लोकांचे शंभर निरोप लुकलुकत होते. त्याने एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

"का दाबलंस?" ती म्हणाली. "तुझं सगळं गेलं आता."

"काय गेलं? बूट पायातच आहेत." त्याने खुर्ची ओढून दिली. "बस. घ्यायचा आहे का मुकुट?"

तिने मासळीच्या वासाचे हात साडेतीन सेकंदांत पुसले आणि बसली. चेटकीण चौकात आली. दोघं समोरासमोर उभे राहिले, काळ्या झग्यातली चेटकीण आणि दाढीवाला विधुर. देवाणघेवाणीची चौकट उघडली. त्याच्या बाजूला काळा मुकुट. तिच्या बाजूला रिकामं.

ती थांबली. तो काही करेना.

"दे ना," ती म्हणाली.

"काय देतेस?"

"काय?"

"बाजार आहे हा. फुकट घेतलेलं काय असतं ते मला ठाऊक आहे. भाव कर."

फेलिसिमाने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला, जसा मंडईत होतो. "कडेला खरचटलंय हा मुकुट."

"अजिबात नाही."

"काळा पण नाहीये नीट. बघ, राखाडी मारतोय. असे चार आलेत आज सकाळी बाजारात."

"एकही आलेला नाही. पाद्र्यांना विचार."

"एकोणीस जोड बूट. शेवटचा भाव."

"बूट आहेत मला."

"मग काय हवंय तुला?"

तेर्योने कमी ऐकू येणारा कान खाजवला. "पुढच्या सीझनला सात दिवस सोलो खेळायचं. तू."

"मेले तरी नाही."

"मग राहू दे. तो फिनलंडवाला विचारतोय."

"एक दिवस."

"सात."

"दोन दिवस, आणि करपलेल्या भाताबद्दल एल्फीला सांगणार नाही."

"पाच. आणि तू खेळशील तेव्हा मी बाजारात. जे सांगायचं ते तोंडाने सांगायचं, बाकी काही नाही."

"चार."

"पाच, लंग्गा. शेवटचा भाव."

ती दहा मोजेपर्यंत थांबली, कारण लगेच हो म्हणणं तिच्या रक्तात नाही. मग तिच्या बाजूला एक काचमणी ठेवला, नियम म्हणून, आणि होकाराचं बटण दाबलं. मुकुट चेटकिणीच्या डोक्यावर बसला. तिने तो पाहिला, मान इकडून तिकडून फिरवून पाहिला.

"चांगला आहे का?" तेर्योने विचारलं.

"भारी आहे," ती म्हणाली. आणि काही वेळाने, "महाग पडला."

पुढचा सीझन सुरू झाला तो पुन्हा शनिवारी, सकाळी नऊला. फेलिसिमाने चौकोनात खूण केली, जशी दातांच्या डॉक्टरसमोर आ करावा तशी. किनाऱ्यावर फाटक्या झग्यातली मुलगी, हातात काठी. पहिल्या खेकड्याने तिला मारलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्या दिवशी तिने खेळातल्या दुकानदाराशी भाव करून पाहिला, तो तर नुसतं चित्र होता. तिने त्यालाही शिव्या दिल्या.

तेर्यो बाजारात उतरला आणि पहिल्याच दुपारी पाद्र्यांनी त्याला तसलीच तडा गेलेली ढाल विकली. त्याला फार आनंद झाला होता. फेलिसिमाने ढाल बघितली आणि तोंड दाबून हसत स्वयंपाकघरात गेली. पण बुधवारपर्यंत त्याला चटक लागली. जेवताना तो तिला बुटांचे भाव सांगू लागला, सकाळी काय होते, आता काय झाले, ब्राझीलवाले कसे पाडतात.

"तेर्यो, मी बत्तीस वर्षं हे करतेय," ती म्हणायची. "जेव."

पाच दिवस गुरुवारी सकाळी भरत होते. गुरुवारी ती मंडईतून आली, हात धुतले आणि टेबलाशी बसली. पडद्यावर विचारणा होती, ती रोजच असते: बाजारात जायचं? तेर्यो वाट पाहत होता. त्याने तिच्यासाठी एक चांगली काठी घेऊन ठेवली होती, टोकाला निळा खडा असलेली.

"सुटलीस," तो म्हणाला. "ये इकडे. देतो तुला."

"थांब जरा."

"काय थांब?"

"दलदलीत एक म्हातारी आहे, मेलीने मला काल सहा वेळा मारलं. तिला असं सोडून येऊ?"

"या काठीने एका घावात मरेल."

"म्हणूनच नको," फेलिसिमा म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "तोंडाने काय ते सांग. कुठून फटका मारते ती? डावीकडून का?"

तेर्योने चष्मा लावला आणि तिच्या पडद्याकडे वाकला. "उजवीकडून," तो म्हणाला. "हात वर केला की मागे हो. आता नाही. आता नाही. आता."